आधी बाजाराला, मग सरकारला

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो! अकोल्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळून नुसतं चालत गेलात तरी कपड्यांना रुई चिकटते, तसे ते चिकटतात. मी मूळचा अमरावतीचा, पण नोकरी झाली अकोल्याच्या तार ऑफिसात. कापसाचे भाव आणि सरकारचे हुकूम, दोन्ही आमच्याच टेबलावरून जायचे. मग काय, आयुष्यभर पुरेल इतकी रुई चिकटली!

*

त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेलं, असंच लोक धरायचे. कापूस बाजारातल्या एका दलालाकडे मात्र रोज दहा तारा. त्यांच्याकडे नवी सून आली. पहिल्याच सकाळी दारात तारवाला बघून तिनं हंबरडा फोडला.

सासू आतून ओरडली, "उगी राय वो माय! भाव पडला, माणूस नाई!"

*

पुढे सरकारनं वायद्यावर बंदी घातली. वायदा म्हणजे शेतात उभ्या असलेल्या कापसाचा आजच सौदा. बंदीनं सौदे थांबले नाहीत, तारांची भाषा तेवढी बदलली. 'मुलगी झाली' म्हणजे भाव चढला, 'मुलगा झाला' म्हणजे पडला.

आमचे रहमानभाई कापसाचे जुने दलाल. दिवसातून चारदा काउंटरवर हजर. एकदा पोलीस इन्स्पेक्टरनं त्यांना हटकलं, "एका आठवड्यात तुमच्या घरी चार मुली आणि दोन मुलगे?"

"एकत्र कुटुंब हाये, सायब!"

त्याच हंगामात एक दिवस नागपूरहून तार आली, 'मुलगी झाली'. रहमानभाई चष्मा सावरत बाजाराकडे पळाले आणि धडाधड खरेदी करत सुटले. रहमानभाई घेऊन राहिले म्हटल्यावर सगळ्यांनीच घेतलं. दुपारपर्यंत भाव खरोखर चढला!

चार वाजता नागपूरहून दुसरी तार. व्याह्यांची. 'नाव काय ठेवायचं?'

त्यांची सून बाळंतपणाला नागपूरला माहेरी गेली होती. रहमानभाई मटकन बाकावर बसले. "या अल्ला! ही तं खरीच पोरगी निंगाली!"

*

हा किस्सा मात्र तेव्हा हसण्यासारखा नव्हता.

कलेक्टरसाहेबांच्या नावे सरकारी सांकेतिक तार आली. आमचे तारमास्तर गोविंदराव इतके सरळ, की ऑफिसातली गोष्ट बायकोलाही सांगायचे नाहीत. तार त्यांनी स्वतः नेऊन दिली. हुकूम होता, साठेबाजांच्या कापसाच्या गोदामांना दुसऱ्या दिवशी सील ठोका.

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन निघाले, तर गोदामं रिकामी! गाठी गाड्यांवर चढून अकोट आणि मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलेल्या.

गोविंदरावांना आणि मला बोलावणं आलं. "तार फोडली कुणी?" साहेब गरजले. "नोकरी घालवीन!"

गोविंदरावांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

तेवढ्यात शिपायाला बाजूला सारून रहमानभाई आत आले. "मास्तरले काहून धमकावता, सायब? तुमच्या शिपायानं काल दुकानातून दोन डझन लाखेच्या कांड्या नेल्या. बाजारानं पायलं. एवढी लाख गोदामांले सील लावाले नाई, तं काय लोणचं घालाले?"

साहेबांनी दारातल्या शिपायाकडे पाहिलं. गोविंदरावांची नोकरी वाचली. शिपायाची बदली चिखलदऱ्याला झाली. हवा चांगली असते म्हणतात तिकडे!

*

मग सहासष्ट साल आलं. रुपयाची परदेशातली किंमत उतरवणार, अशी कुजबुज सुरू झाली. दिल्ली म्हणे, मुळीच नाही. पुन्हा म्हणाली, नाही.

मी रहमानभाईंना विचारलं. ते म्हणाले, "पोरीचा बाप दोनदा 'घाई नाई' म्हनला, का समजा, मांडववाला ठरला!"

जूनमध्ये रेडिओवर बातमी आली. रुपया उतरला.

*

त्याच आठवड्यात बापूसाहेब वकील काउंटरवर आले. उभी हयात अकोल्याच्या कोर्टात गेलेली, कायद्यावर देवाइतका विश्वास. रागानं चेहरा लाल. दिल्लीला निषेधाची तार करायची होती. मजकूर सुंदर अक्षरात लिहून आणला होता, 'माझ्या देशाच्या रुपयाची किंमत मला न विचारता कमी केली. खुलासा करावा.'

मागे रहमानभाई उभे होते. ते हळूच म्हणाले, "बापूसायब, पत्ता चुकला."

"का म्हणून? निर्णय दिल्लीचाच ना?"

"दिल्लीनं निसती तार वाचून दाखवली. भाव तं भायेरच्या बाजारानं पयलेच पाडला होता."

बापूसाहेब थबकले. वाद घालतील असं वाटलं, पण नाही. त्यांनी पेन उघडलं, 'नवी दिल्ली'वर सरळ रेघ मारली आणि मला विचारलं, "मग त्या बाजाराचा पत्ता सांगा."

मी गोविंदरावांकडे पाहिलं. गोविंदराव नियमाचे पक्के. त्यांनी कपाटातून देशोदेशीच्या तार ऑफिसांची जाडजूड यादी काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून बघायला लागले. रांग खोळंबली. कुणी हसलं नाही. वकीलसाहेब पेन उघडं धरून उभे.

अर्ध्या तासानं गोविंदरावांनी पुस्तक मिटलं आणि नकारार्थी मान हलवली. बापूसाहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "सापडला की पाठवा."