मायची पेंढी: ज्वारीच्या काढणीला पुण्याहून बेंबळी

रविवारी मायचा फोन आला. "जवारी पिकली. गुरुवारी आपल्या रानाची पाळी हाय. येतीस का?" एवढंच. माय फोनवर जास्त बोलत नाही. बिल आपल्यालाच येतंय असं तिला अजून वाटतं. मी मात्र "आपल्या रानाची" एवढेच शब्द ऐकले आणि सोमवारी सकाळी सुट्टीचा अर्ज टाकला. लॅबमधल्या साहेबांनी विचारलं, "घरी लग्न आहे का?" म्हटलं, "त्याहून मोठं आहे."

या ब्लॉगवर इतकी वर्षं मी किल्ल्यांबद्दल आणि समुद्रकिनाऱ्यांबद्दल लिहिलं. धाराशिव जिल्हा म्हटला की लोक तुळजापूरला दर्शन घेतात आणि गाडी वळवतात. या वेळी मी माझ्या गावाबद्दल लिहिणार आहे आणि आधीच सांगते, भरपूर कौतुक करणार आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी गुलाबजामपर्यंत वाचून थांबावं.

थोडी ओळख करून देते. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी बेंबळीजवळ दोन एकर काळं रान घेतलं. सोलापूरचे नातेवाईक म्हणाले, फ्लॅट घ्या, भाडं येईल. अण्णा म्हणाले, "फ्लॅटात काय पेरू?" आमच्या घरात याआधी कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. माय लग्न होऊन आली तेव्हापासून दुसऱ्यांच्या रानात राबली, तिची सासूही तशीच. ही आमची पहिली ज्वारी. अण्णांनी जमीन काय भावानं घेतली ते मला विचारू नका. ते कुणालाच सांगत नाहीत, मलाही नाही.

बुधवारी पहाटे एकटीच निघाले. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णीपर्यंत डोळे मिटूनही जाता येईल असा रस्ता आहे, फक्त टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. टेंभुर्णीला चहा घेऊन कुर्डुवाडीकडे वळायचं आणि मग बार्शी. चहा गोड असतो. कमी साखरेचा मागितला तर तेवढाच गोड देतात आणि वर "कमीच टाकली" म्हणतात.

बार्शीला मुद्दाम थांबले. ज्वारीचा बाजार बघायचा तर तो बार्शीत. एका आडत दुकानासमोर पोती उलगडून ठेवली होती. दुकानाचे म्हातारे मालक मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारत होते. मी भाव विचारला.

"विकायची का घ्यायची?"

"विकायची. म्हणजे, अजून रानात आहे."

"मग भाव कशाला इचारता? आधी रानातनं बाहेर येऊ द्या." मग त्यांना माझी दया आली असावी. पांढरा, टपोरा दाणा एका हातावर आणि काळपट दाणा दुसऱ्या हातावर ठेवून त्यांनी पुढे केला. "ह्याला क्विंटलला तीन हजाराच्या वर देतो. आणि हा पावसात भिजलेला. हा माणूस खात न्हाय, जनावराला जातो. भाव इचारूच नका." दुकानाबाहेर येऊन त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "कुठलं रान?"

"बेंबळी."

"चांगली जमीन. काय भावानं घेतली?"

येडशीवरून धाराशिवला पोचेपर्यंत दक्षिणेला ढग दिसायला लागले होते. तरी मी गुलाबजाम खाल्ले. धाराशिवला जाऊन गुलाबजाम न खाणं म्हणजे प्रवास वाया घालवणं. मऊ, गडद आणि खव्याला जागणारे. घरी न्यायला एक डबा बांधून घेतला तो बेंबळीला पोचेपर्यंत अर्धा झाला होता, त्याचा दोष रस्त्याला देते.

बेंबळीच्या फाट्यावर टपरीत चहाबरोबर जमिनीच्या भावाची चर्चा फुकट मिळते. रस्त्याकडेची जमीन आता एकरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. पवनचक्क्या आल्या, रेल्वे येतेय, त्यामुळे ज्याची जमीन रस्त्याला लागून त्याची मान ताठ. एक जण म्हणत होता, "सोयाबीन चार हजाराच्या वर सरकंना, आन् जमीन खाली उतरंना." दुसऱ्यानं मला ओळखलं. "कंडक्टरची लेक न्हव का तू? अण्णानं लई आत घेतली जमीन. रस्ता न्हाय तिथं. काय भावानं घेतली?" आमचं रान फाट्यापासून आत आहे, गाडी ओढ्यापर्यंतच जाते, पुढे पायी. पण त्याच जागेला काळी माती कमरेइतकी खोल आहे. हे मी त्याला ऐकवलं, दोनदा ऐकवलं.

घरी आले तर माय नव्हती. शोभाकाकींच्या रानात ज्वारी काढायला गेली होती. आता सावड सांगायला हवी. ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत. ताट मुळासकट उपटायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची, दिवसभर. पानं हाताला कापतात. म्हणून ज्यांनी ज्वारी पेरलीय त्या घरच्या बायका सावड करतात: आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैसे द्यायचे नाहीत, कामाची फेड कामानं. जेवण मात्र ज्याचं रान त्याच्या घरचं. माय सगळ्यांच्या रानात जाऊन आली होती. गुरुवारी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं.

संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मला जवळ घेऊन झाल्यावर तिनं पहिलं आभाळ बघितलं आणि मग पिठाचा डबा. डब्याचं झाकण हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"अवो, किती जणींचा स्वयंपाक करू?"

अण्णा म्हणाले, "सगळ्यांचा."

"आन् न्हाय आल्या तर?"

"का न्हाय येणार? तू गेलीस की त्यांच्याकडं."

"म्या तर आधीपासूनच जाते त्यांच्या रानात," माय म्हणाली. "आपल्या रानात त्या कधी आल्यात?"

तिची काळजी मला लगेच कळली. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या बायका गावातल्या सगळ्या रानांत कामाला जातात, त्याचं कुणाला नवल नाही. गावातल्या घरच्या बायकांनी आमच्या रानात काम करावं, आमच्या घरचं खावं, हे आजवर कधी घडलं नव्हतं, कारण आमच्याकडे रानच नव्हतं. आणि दिवसही एकच होता. ढग असेच चढले तर शुक्रवारी पाऊस, आणि उभ्या ज्वारीवर पाऊस म्हणजे बार्शीच्या म्हाताऱ्याच्या हातातला तो दुसरा दाणा. अण्णांची सगळी कमाई त्या दोन एकरांत होती. मायनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या. मी आमटीसाठी येसर कुटायला बसले आणि मसाला उडून इतकी शिंकले की अण्णा म्हणाले, पुण्याची हवा लागली हिला.

गुरुवारी दिवस उगवायच्या आत आम्ही रानात होतो. जाणाऱ्यांसाठी सूचना: पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि डोक्याला रुमाल बांधा. थंडीत हुरड्याला येणारे लोक फोटो काढून जातात. ज्वारी खरी बघायची तर फेब्रुवारीच्या शेवटी, काढणीला या. ताटं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. कणसं भरून वाकलेली. इतके दिवस फोनवर ऐकलेलं ते हे, आणि हे आमचं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. अण्णांनी कौतुकानं बघितलं, मायनं नाही. ती वाटेकडं पाठ करून उभी होती.

आमच्या शेजारची कमलमावशी तेवढी आली. चौघांनी सुरुवात केली. ऊन वर आलं. मायनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, नुसती उपटत राहिली. दोन एकर चौघांत होत नाहीत, ते मलाही कळत होतं. अण्णा उपटायला वाकले की तिकीट पंच करायला वाकल्यासारखे वाकायचे, कमलमावशी म्हणाली, "अण्णा, त्या ताटाला सुट्टे पैसे मागायलात का?"

मग ओढ्याच्या अलीकडून बोलण्याचा आवाज आला. नऊवारीचे काष्टे, पाचवारीचे खोचलेले पदर, उन्हात एकामागं एक. सगळ्यात पुढं शोभाकाकी. गावातलं जुनं मोठं घर त्यांचं. मायनं सगळ्यात जास्त वर्षं ज्या रानात काम केलं ते यांचं रान. साठी उलटलीय. त्या लांबूनच ओरडल्या, "ओढ्यात ट्रॅक्टर फसला गं! चालत आलाव आमी. पाणी दे आधी."

सगळ्याजणी पाणी प्याल्या. मग त्या बांधावर ओळीनं उभ्या राहिल्या आणि मायकडं बघायला लागल्या. काढणीत प्रत्येकीला वाफ्यातला एक पट्टा मिळतो, त्याला पात म्हणतात. कुणी कुठली पात धरायची हे मालकीण सांगते. मायला आयुष्यभर दुसऱ्यांनी पात सांगितली. ती पुढं झाली आणि बांधाकडची, दगडांची, सगळ्यात वाईट पात स्वतः धरून वाकली. नेहमी तिलाच मिळायची ती.

शोभाकाकी कमरेवर हात ठेवून उभ्याच. "मालकीणबाई, आमी काय इथं बघत बसावं व्हय? पात सांगा की!"

सगळ्या हसल्या. माय लाजून लालबुंद झाली. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग हात लांब करून एकेकीला दाखवायला लागली. "काकी, तुमी मधली घ्या. मऊ हाय. कमल, तू त्यांच्या अंगाला." अण्णांनी मागून हाक दिली, "चला, पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाय!" तीस वर्षं एसटीत ओरडलेलं ते वाक्य इतक्या उपयोगाला पहिल्यांदाच आलं असेल.

दुपारी लिंबाखाली पंगत बसली. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माय वाढत होती. शोभाकाकींनी भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, दोन घास खाल्ले. मायनं ओगराळं हातात धरून ठेवलं होतं.

"मीठ कमी हाय गं," काकी म्हणाल्या. "पण आन अजून."

मी सातारा रस्त्यावर मोठमोठ्या हॉटेलांत जेवले आहे, त्यांची स्तुती याच ब्लॉगवर लिहिली आहे. तसल्या कुठल्याच जेवणानं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं नाही. आमटीत मीठ कमी होतं हे खरं आहे. घाईत मीच टाकलं होतं.

दुपारनंतर वारा सुटला आणि कुणी मान वर केली नाही. दिवस कलायच्या आत रान रिकामं झालं. पेंढ्या बांधल्या, रचून उंच ढीग घातला, अण्णांनी वर ताडपत्री ओढून दगड ठेवले. कडब्यालाही आता चांगला भाव आहे. दूधवाले ज्वारीआधी कडबा विचारतात. ढग डोक्यावर आले होते, पण आता त्यांना आमच्याकडून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायका पदर झटकून निघाल्या. आमच्याकडे पूर्वी काढणीची मजुरी पेंढीत मिळायची. दिवस मावळायला आला की प्रत्येक कामकरी बाईनं आपली पेंढी आपणच बांधायची, कणसासकट, आणि डोक्यावर घेऊन घरी जायचं. माय घट्ट आणि जाड बांधण्यात प्रसिद्ध होती. आत्ताही मी वळून बघितलं तर मायनं एक पेंढी बांधली होती, गुडघा दाबून, पीळ घालून. चुंबळ केली, पेंढी डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या मागून वाटेला लागली. पूर्वी रोज जायची तशी.

शोभाकाकींच्या लक्षात आलं. त्या थांबल्या. "अगं सुमन, ही कुणाची मजुरी घेऊन चाललीस?"

सगळ्याच थांबल्या. मायनं डोक्यावरची पेंढी एका हातानं धरली आणि मागं वळून रानाकडं बघितलं. रिकामं रान, ताडपत्रीचा ढीग, लिंब. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता ती पेंढी खाली टाकेल. अण्णा पुढं झाले, हात दिला. मायनं हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मालकीण चांगली हाय इथली. लई मोठी पेंडी बांधू दिली."

शोभाकाकी इतक्या हसल्या की त्यांना कमलमावशीला धरावं लागलं. माय ती पेंढी घेऊन गावाच्या मधल्या रस्त्यानं घरी गेली, मारुतीच्या पारावरून, टपरीवरून. कालच्या त्या माणसानं विचारलं, "काय अण्णा, झाली का काढणी?" अण्णांनी पुढं चाललेल्या पेंढीकडं बोट दाखवलं. मी शेजारून चालत होते आणि मला माझ्या गाडीचा, नोकरीचा, पुण्यातल्या घराचा आजवर जेवढा अभिमान वाटला होता तो सगळा त्या पेंढीपुढं कमी पडला.

शुक्रवारी परतले. पाऊस पडला, चांगला पडला, आणि आमचं त्यानं काहीच बिघडलं नाही. मायनं त्या पेंढीची कणसं काठीनं झोडपून दाणे काढून दिले, तेवढे पुण्यात आणले. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून पेट्रोल आणि टोल धरून जेवढा खर्च लोणावळ्याच्या एका सुट्टीला होतो त्याच्या निम्म्यात जाणंयेणं होतं. राहायला धाराशिवला लॉज आहेत. रानात शिरायच्या आधी मालकाला विचारा. आणि जमीन काय भावानं घेतली ते विचारू नका, ते विचारायला तिथं माणसं भरपूर आहेत.

काल त्या दाण्यांच्या पिठाच्या पहिल्या भाकरी केल्या. माझ्या वेड्यावाकड्या झाल्या, पण चव मायच्या हातची होती. खाताना तिचा फोन आला. ज्वारी पांढरी निघाली, मळणी झाली, बार्शीला पाठवायची आहे, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. बिलाची आठवण झाली असावी, थांबली. मग म्हणाली, "येत्या सालाला एक दिस आधी ये. तुझी पात म्या ठरवून ठिवली. बांधाकडची."

"ती दगडांची? मला का?"

"मालकीण म्या हाय," माय म्हणाली आणि फोन ठेवला.