साडीशेजारची चटई

समजा, तुमच्या हातात लाकडी ठसा आहे. तो रंगात टेकवायचा, आधीच्या फुलाला बरोबर भिडवायचा आणि वरून मुठीने ठोकायचा. दिवसभर, उभ्यानेच.

मंडी मोहल्ल्यातल्या पुष्पावती लग्न झाल्यापासून हेच करत आल्या. साडीवर छापायच्या वेलीही त्यांच्याच मनातल्या. छापलेली साडी धुण्याआधी त्या अंधाऱ्या खोलीत आठवडाभर टांगून ठेवतात. घाई केली तर रंग पाण्याबरोबर निघून जातो.

आज पदराशी येता येता त्यांचा ठसा वेल सोडून बसला.

सून विद्याश्री दारातच होती. ती सासूला अर्ध्या कानडीत म्हणाली, "अत्ते, साकु! पुरे आता! साडीला आठवडाभर आराम, आणि तुम्हाला दुपारची डुलकीपण नको?"

"साडी काही विसरत नाही गं. माझा हात मात्र थांबला तर वेल विसरेल."

"आणि न थांबता आज काय केलंत?"

पुष्पावतींनी त्या वाकड्या फुलाकडे एकदा पाहिलं. मग ठसा पुसून ठेवला आणि अंधाऱ्या खोलीत, टांगलेल्या साड्यांशेजारी चटई टाकून आडव्या झाल्या. पाठ टेकली, पण डोळा लागेना. आरामात कापडाचा रंग पक्का होतो, हे त्यांना ठाऊक होतं. हातातली वेल पक्की होते की पुसट?