उपाशीपोटीचा पहिला नंबर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चहा ढवळायचा राहिला की साखर कपाच्या बुडाशी बसते, तसे ते बसून राहतात आणि शेवटच्या घोटाला तोंडात येतात.

मी सेवाग्रामच्या बाजूला एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. काय खावं, किती खावं, हे लोकांना सांगायचं, एवढंच माझं काम. तुम्हाला वाटेल, किस्से पेशंटचे असतील. पेशंट बिचारे बरंचसं ऐकतात. हे किस्से घरचे आहेत. माझा नवरा विलास, आणि त्याचे दोन मित्र, भोयर सर आणि वानखेडे सर. विलास गणित शिकवायचा, भोयर सर मराठी, वानखेडे सर पीटी. शाळा एक, राहणं तिघांचंही बोरगाव मेघेत, आणि शुगर तिघांनाही. रोज सकाळी तिघे फिरायला जायचे.

आता दोघे जातात.

*

चालण्यासारखं दुसरं काही नाही, हे मी दवाखान्यात रोज सांगते. त्यामुळे तिघे फिरायला लागले तेव्हा मला बरं वाटलं. चांगले झपाझप चालायचे, घामाघूम होऊन यायचे. रस्त्याच्या पार टोकाला वळणावर एक पोह्यांची टपरी होती, तिथून परत फिरायचे. पोह्यांवर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा, वर बोटभर तेल. मी बोलले तर विलास म्हणायचा की चालून जेवढं जळतं तेवढंच भरून काढतो.

पुढे रस्ता रुंद झाला आणि टपरी अलीकडे, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आली. त्या दिवसापासून तिघे फार लवकर घरी यायला लागले. मी विलासला विचारलं, आता वळणापर्यंत का जात नाही?

तो खरोखर गोंधळून म्हणाला, "तिथे आता काय आहे?"

*

भोयर सरांनी साखर सोडली. तशी घोषणाच केली आमच्या घरी, सोफ्यावर बसून. मी अभिनंदन केलं आणि बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि तिच्यातला गूळ कपात टाकला. एक खडा, मग दुसरा, मग तिसरा.

मी सांगितलं की रक्ताला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही. पोटात गेल्यावर दोन्ही सारखेच.

"वहिनी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "गूळ नॅचरल आहे. नॅचरलले लिमिट नसते."

*

वानखेडे सरांना शुगरसोबत बीपीही. डॉक्टरांनी गोळी दिली, ती महिनाभर घेतली, बीपी उतरलं, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. मी म्हटलं, सर, गोळीमुळे उतरलंय, गोळी सोडली की पुन्हा चढेल.

"तेच तं म्हणतो मी. सवय लागते गोळीची."

मी विचारलं, चहाची सवय चालते?

"चहा मी केव्हाही सोडू शकतो."

"मग सोडा."

"काऊन सोडू? चहानं मले काय त्रास आहे?"

विलास इतका हसला की त्याला ठसका लागला. जेवण झाल्यावर सुपारी कातरावी तसा हा किस्सा तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. स्वतःचा कधी सांगितला नाही. तो मी सांगते.

*

दर तीन महिन्यांनी तिघे मिळून रक्त तपासायला जायचे. त्याला ते 'परीक्षा' म्हणायचे. शिक्षकच ते. परीक्षेच्या आधीचा आठवडा 'रिव्हिजन'. त्या आठवड्यात भात बंद, गोड बंद, पोहे बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी मुगाचं पातळ वरण, आणि फिरणं थेट जुन्या वळणापर्यंत. रक्त दिलं की लॅबमधून सरळ आलूबोंड्याच्या गाडीवर. दुपारी रिपोर्ट. ज्याची उपाशीपोटीची साखर सर्वांत कमी, त्याचा पहिला नंबर, आणि पहिल्या नंबरवाल्याने बाकीच्यांना गोरसपाक खाऊ घालायचा. गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं साजूक तुपातलं बिस्किट. शुगरच्या परीक्षेचं बक्षीस!

विलासचा नंबर नेहमी पहिला. तो काहीही करायचा ते नेटानं करायचा, उपाशी राहणंसुद्धा.

मी सांगत राहिले. उपाशीपोटीची साखर त्या सकाळचं सांगते. मागच्या तीन महिन्यांचं सांगणारी तपासणी वेगळी असते, तिच्यापुढे आठ दिवसांचा अभ्यास चालत नाही. एकदा भांडून ती करायला लावली. आकडा बराच वर आला. विलासने कागद दोनदा वाचला आणि घडी घातली.

"हा पेपर सिलॅबसच्या बाहेरचा आहे," म्हणाला.

डॉक्टरांकडे तो उपाशीपोटीचा तेवढाच रिपोर्ट घेऊन गेला. डॉक्टरांनी पाठ थोपटून गोळी अर्धी केली. मला कळलं तेव्हा मी जाऊन डॉक्टरांना भेटले, गोळी पुन्हा पूर्ण करून घेतली. चिठ्ठीवर ती पूर्ण झाली. घरी तो मोडून अर्धीच घ्यायचा.

*

दवाखान्यात एक तरुण पेशंट आला होता, शेंड्यांचा मुलगा. शुगर नुकतीच निघालेली. मी ताट कसं वाढायचं ते समजावलं. अर्धं ताट भाजी, पाव ताट पोळी किंवा भात, पाव ताट वरण-उसळ. पोहे कमी, आणि खाल्लेच तर सोबत मोड आलेली मटकी, तर्री नको. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर हसू.

शेवटी म्हणाला, "मॅडम, मी विलास सरांचा विद्यार्थी. सर रोज पोहे खातात, तर्री मारून. शुगर एकदम नॉर्मल. रिपोर्ट टाकला ना सरांनी आमच्या ग्रुपवर!"

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

*

माझी नणंद तळेगाव श्यामजीपंत या गावची. घरचा संत्र्याचा बगीचा. येताना दादासाठी रसाच्या बाटल्या भरून आणायची, वरून चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर. मी म्हणायचे, अख्खं संत्रं दे, चोथ्यासकट खाऊ दे त्याला, रस नको. तिला वाटायचं मला तिचं येणं खुपतं. मग मी जरा वेळ बाहेर गेले की बहीणभाऊ मिळून बाटली संपवायचे आणि धुऊन पालथी घालून ठेवायचे.

विलास गेला त्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून बायकांच्या घोळक्यात म्हणाली, "साऱ्या जगाले सांगत फिरते. घरच्याले काऊन नाई सांगतलं?"

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेले.

*

ती सकाळ मला वानखेडे सरांनी सांगितली. टपरीपर्यंत पोचायच्या आधीच विलास कॉलनीतल्या नाल्याच्या पुलावर, कठड्यावर बसला. छातीत जळजळतंय म्हणाला, डावा हात जड वाटतोय. घाम फुटला होता. भोयर सर म्हणाले, दवाखान्यात जाऊ का? वानखेडे म्हणाले, ॲसिडिटी आहे, रात्री वडा-भात झाला असेल. टपरीवरून सोडा आणला, लिंबू पिळलं. विलास प्यायला. ढेकर आला, म्हणून तिघांनाही धीर आला.

भोयर सरांनी पुन्हा दवाखान्याचं काढलं. तेव्हा विलास स्वतः म्हणाला, "काही गरज नाही रे. मागच्या परीक्षेतही पहिलाच आलो ना मी."

हे तिघांनाही पटलं. ते बसून राहिले. शुगर असलेल्या माणसाची छाती जळजळली तर ती ॲसिडिटी आहे की नाही हे दवाखान्याने ठरवायचं असतं, कठड्यावर बसून नाही. हे वाक्य मी आजही रोज म्हणते. त्या सकाळीही म्हणत होते, माझ्या खोलीत, समोरच्या बाईला. तेव्हा फोन वाजला.

*

तेरवीला घर भरलं होतं. अंगणात पंगती बसल्या. वरण-भात, वडे, कढी, वांग्याची भाजी आणि बुंदी. नणंद वाढत होती. मी दाराच्या आत खुर्चीवर बसले होते, कोणी येऊन काही बोललं की मान हलवत होते.

भोयर सर पहिल्याच पंगतीला, दाराजवळ. तेरा दिवसांत त्यांचा चेहरा पार उतरला होता. नणंदेने बुंदीचा झारा पुढे केला तसा त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. तिने आग्रह केला. नाही म्हणाले. तोंड गोड करावं लागते सर, आमच्या दादाच्या नावानं, दोन दाणे तरी घ्या, असं ती म्हणाली, तिचे डोळे भरून आले. शेजारच्यांनीही म्हटलं. तरी सरांनी हात काढला नाही. पलीकडे वानखेडे सर दुसऱ्यांदा बुंदी घेत होते, त्यांच्याकडे यांनी पाहिलंसुद्धा नाही. भातही नव्हता पानात. नुसतं वरण आणि भाजी.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं. एकाला तरी कळलं.

पंगत उठली. सर हात धुऊन माझ्या खुर्चीपाशी आले. मग वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"वहिनी, उद्या सकाळी रक्त द्याचं आहे. माह्या वाटची बुंदी डब्यात ठेवजा. लॅबमधून निघालो का नेतो."