हरिश्चंद्रदादांचं गाऱ्हाणं

पावसजवळच्या आमच्या वाडीत देवाशी बोलायचं काम हरिश्चंद्रदादांकडे होतं. शिमग्यात पालखी घरोघर येते. घरचा माणूस नारळ ठेवतो, दादा त्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी रत्नागिरीत हिशेबखात्यात नोकरी करतो. पण इतका मुद्देसूद अर्ज आमच्या कचेरीत कधी आलेला मला आठवत नाही. कोणाचं लग्न, कोणाची बढती, कोणाची कंबर, सगळं योग्य क्रमाने.

दादांच्या पत्नी सावित्रीवहिनी गेल्या आणि दादांनी हे काम सोडलं.

"घरातल्या माणसासाठी मागितलं ते त्याने दिलं नाही," मला म्हणाले, "आता लोकांसाठी कुठल्या तोंडाने मागू?"

त्या वर्षी त्यांच्या जागी वाडीतलाच विनीत उभा राहिला. तो मुंबईत विम्याचं काम करतो, त्यामुळे बोलायला घाबरत नाही. त्याने ऐंशी वर्षांच्या, बिनलग्नाच्या बाळूआत्यांसाठी देवाकडे मुलगा मागितला आणि लोकांनी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आत्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

वहिनींचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून तेव्हा पालखी दादांच्या दारावरून पुढे गेली होती. यंदा ती अंगणात टेकली. शिमग्यापुरत्या मुंबईहून आलेल्या सुनेने ओटी भरली. ढोल थांबले. दादा खांबाला टेकूनच राहिले.

"दादा, मी बोलू काय?" विनीतने विचारलं.

"तू नको!" बायकांच्या घोळक्यातून बाळूआत्या ओरडल्या.

दादा पुढे आले. टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा, ही आजारी होती तेव्हा मी रोज तुझ्या पायरीवर येत होतो."

"व्हय म्हाराजा!"

"तू ऐकलं नाहीस."

"व्हय म्हाराजा!"

"झोपला होतास."

"व्हय म्हाराजा!" लोक दणक्यात म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघू लागले. पालखीचे भोई पायांकडे बघत राहिले. पुजाऱ्याने घाम पुसला. देवाला कोणी तोंडावर झोपाळू म्हणावं आणि त्यावर सगळ्या वाडीने होकार द्यावा, असं उदाहरण त्याच्याही माहितीत नसावं.

दादाही थांबले. इतकी माणसं आपल्या बाजूने आहेत, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. डोळे पुसून त्यांनी पुन्हा हात जोडले.

"ती परत येणार नाही, एवढं मला कळतं. पण रोज भात करपतो. तेवढं बघ."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज हळू होता. बाळूआत्या तर म्हणता म्हणता रडू लागल्या.

पालखी उठली. पुढचं घर रामाचं. पाहतो तर दादा चपला शोधत होते.

"दादा, राग गेला वाटतं?" मी विचारलं.

"राग कसला जातोय!" पायात चप्पल सरकवत ते म्हणाले. "पण रामाची म्हैस गाभण आहे. हा विनीत तिला बढती मागून ठेवील."

आणि ते ढोलाच्याही पुढे चालू लागले.