काळा चौकोन

भिंगारच्या घरी बसून मी ग्राफिक्स चिपच्या कंपायलरचं, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कोडचं, काम करते. पडद्यावर चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, आमच्याकडे येतात तेव्हा काहींत वाटेल त्या ओळीवरून वाटेल त्या ओळीवर उड्या असतात; एखादी तर थेट लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाच्या, मध्यात शिरते. चिपवर मात्र चित्राचे शेजारशेजारचे ठिपके गटाने चालतात. एखाद्या अटीपाशी त्यांची फाटाफूट झाली, तर पुन्हा कुठे एकत्र यायचं हे आधी ठरलेलं लागतं. म्हणून त्या उड्या मोडून सरळ जर-तर आणि लूप बांधायचे, हे माझं काम.

त्या हिवाळ्यात एक तक्रार आली. एकत्र येण्याची जागा चुकत होती आणि मागे राहिलेले ठिपके रंगतच नव्हते. एरर वगैरे काही नाही, नुसता काळा चौकोन. माझ्या मशीनवर तो दिसेना, त्यामुळे तपास रेंगाळला.

त्याच दिवसांत आईला काष्टीहून आणलं. खोकला हटत नव्हता. नगरला सीटी स्कॅन केला. डॉक्टर छातीचं थ्रीडी चित्र फिरवून दाखवत होते, ते मध्येच थांबले. उजव्या फुफ्फुसावर काळा डाग होता.

“काय हाय गं त्ये?” आईने मला विचारलं.

मी पुढे वाकले. डागाच्या कडा अगदी सरळ होत्या. कॉम्प्युटरवर आमच्याच चिपचं स्टिकर होतं.

“डॉक्टर, हे चित्रच चुकलंय. मी यावरच काम करते. स्कॅनचे साधे, एकेक थराचे काप उघडून बघा ना.”

आजार मान्य न करणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण काप उघडले. चौकोन कुठेच नव्हता.

“म्हंजी काय न्हाई ना?” आई हसली.

डॉक्टर एकाच कापाच्या आसपास पुढे-मागे करत राहिले. चौकोनाने झाकलेल्या जागी एक लहान, गोल, पांढरी गाठ होती.

“हे मात्र खरं आहे,” ते हळूच म्हणाले.

सुईची तपासणी झाली, उपचार सुरू झाले. आई आता माझ्याकडेच असते. औषधाने दुपारभर झोपते. कंपायलरमधली चूकही सापडली. एका लूपला आत शिरायची दोन तोंडं होती आणि आमचा कोड एकच धरून चालला होता. दुरुस्ती करून पाठवली. ती कुठल्या कुठल्या मशीनवर पोचली, हे विचारलं तर ऑफिसात कुणालाच सांगता आलं नाही.