पंपाची पट्टी

आमच्या आईचं म्हणणं, देवाने हिला तोंड दिलं पण कुलूप द्यायला विसरला. खोटं नाही ते. रिक्षावाल्याशी भांडते, भाजीवालीशी भांडते, कॉलेजच्या क्लार्कशी तर ठरलेलंच. पण मागच्या वर्षी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात माझी वाचाच बसली. समोर पॉवर प्रेस धडाधड चालत होत्या आणि त्यांच्यावर मी माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू बसवलेल्या होत्या.

मी तेव्हा ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करत होते. ‘म्हणजे फिजिओ का?’ असं विचारू नका, विचारून विचारून नातेवाईकांनी डोकं खाल्लंय माझं. अपघाताने नाहीतर आजाराने माणसाचं रोजचं काम अडतं. जेवणं असेल, साडी नेसणं असेल, मशीन चालवणं असेल. ते त्याला पुन्हा करता यावं म्हणून आम्ही खटपट करतो. हाताला व्यायाम देतो, कामाची पद्धत बदलतो, नाहीतर एखादं छोटं साधन बनवून देतो. दुसऱ्या वर्षी माझं पोस्टिंग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात, हाताच्या ओपीडीत लागलं. घर अंबरनाथ पूर्वेला, म्हणजे येण्याजाण्यात जीव जाणार नाही, एवढ्यावरच मी खूश होते.

तिथे मला एक पेशंट पूर्ण केस म्हणून मिळाले. पूर्ण केस म्हणजे पहिल्या तपासणीपासून कामावर परत जाईपर्यंत सगळं मीच बघायचं आणि शेवटी ते सगळ्या विभागासमोर मांडायचं. त्यांना मी दादा म्हणायचे. जवळच्या चामटोली गावचे, चाळिशीच्या आतबाहेरचे, एमआयडीसीत प्रेसवर कामाला. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं प्रेसखाली गेलेली. कसं झालं विचारलं तर म्हणाले, “मशीन डबल झाली, मॅडम. आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. नशीब, दुसरं काय.” मी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

शेठने त्यांना सांगून ठेवलं होतं, बरा झालास की प्रेसवर ये, प्रेस जमली नाही तर हेल्पर म्हणून ये. हेल्पर म्हणजे झाडू मारायचा, माल उचलायचा, पगार निम्मा. दादा पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “मॅडम, मला प्रेसवरच जायचंय. ज्या पोरांना मी काम शिकवलं त्यांच्या हाताखाली पेट्या उचलू काय? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आणि घरी बसलो तर खायचं काय?”

मी म्हटलं, दादा, पाठवणार म्हणजे पाठवणार. अशी मी. तोंडाने काय, डोंगर उचलते.

त्यांनी मला मशीन समजावून दिली. पत्र्याचा तुकडा साच्याखाली ठेवायचा, प्रेस धाडकन खाली येते, पत्र्याला आकार येतो, तो काढायचा, दुसरा ठेवायचा. पण प्रेस खाली यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, एक डाव्या हाताने, एक उजव्या. दोन्ही हात बटणावर अडकलेले, म्हणजे हात साच्याखाली जाणारच नाही. किती हुशारीची सोय, मला फार आवडली ती. मग यांचा हात खाली गेलाच कसा, हे शाळकरी पोरानेही विचारलं असतं. मला वाटलं, मशीन डबल झाली म्हणतायत ना, मग झालं.

तर आमचं ध्येय ठरलं, डाव्या अंगठ्याने बटण दाबणं. अंगठा आखडलेला होता, तुटल्या जागी जरा काही लागलं की दादा कळवळायचे. मी एका फळीवर दाराच्या बेलची दोन बटणं ठोकून घेतली. दोन्ही एकदम दाबली तरच टिंगटाँग वाजेल अशी जोडणी वायरमनकडून करून घेतली. सकाळी दादा आले की ओपीडीत टिंगटाँग, टिंगटाँग सुरू. मनगट मोडून आलेल्या एक सिंधी आंटी वैतागून ओरडल्या, “अरे कोई दरवाजा तो खोलो!” सगळी ओपीडी हसली, दादाही हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा हसले असतील. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

अंगठा सुधारला, चांगला सुधारला. आणि मग एक दिवस दादा पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन आले. त्यावर पेनने आकार काढलेला, बाजूला मापं लिहिलेली.

“मॅडम, तुम्ही ते गरम पाण्यात टाकून प्लास्टिक वाकवता ना, त्याची अशी एक पट्टी करून द्याल काय?”

आमच्याकडे एक प्लास्टिकची शीट असते. गरम पाण्यात टाकली की पोळीसारखी मऊ होते, हातावर ठेवून हवी तशी वाकवायची, गार झाली की टणक. हाताला आधार द्यायला वापरतात. रंग कातडीचा म्हणतात, पण आपल्याकडे कुणाचीच कातडी तशी गुलाबी नसते. उरलेले तुकडे आम्ही डब्यात ठेवायचो.

“कशाला हवीय पट्टी?” मी विचारलं.

“शेतात फवारणीचा पंप असतो ना पाठीवरचा. त्याचा खटका दाबून धरायला लागतो. डाव्याला नळी धरवत नाय. उजव्याने नळी धरली तर खटका कोण दाबणार? पट्टी अडकवली की खटका दबलेला राहील.”

काय सांगू, मला आकाश ठेंगणं झालं. पेशंटने स्वतः अडचण ओळखली, स्वतः उपाय काढला, माप घेऊन आला! पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात कधी दिसत नाही. मी तिथल्या तिथे पट्टी करून दिली. कडा घासून गुळगुळीत केल्या, हाताला बोचू नयेत म्हणून. पुढच्या वेळी दादा म्हणाले, एकदम झकास बसली, भावकीतल्या लोकांनाही पाहिजेत. मी आणखी केल्या. डब्यातले तुकडे संपले तेव्हा नवीन शीट कापली, त्यावरून माझ्या गाईड मॅडमची बोलणी खाल्ली. पण पुठ्ठ्यावरचं माप दाखवल्यावर गाईडही खूश. म्हणाल्या, “हे केसमध्ये घाल. याला म्हणतात थेरपी.”

दादांची बायको एकदा सोबत आली होती. पिशवीभर कोवळी भेंडी घेऊन. “घ्या मॅडम, घरची हाय. औषद मारत नाय आमी, बिनधास खावा.” दादांनी तिच्याकडे एकदम पाहिलं. मी भेंडी घेतली, थँक्यू म्हटलं आणि संध्याकाळी परतून खाल्ली. अक्कल गहाण पडली की अशी पडते.

दादा कामावर रुजू झाले. केस मांडायच्या आधी कामाची जागा प्रत्यक्ष बघून यायची असा आमचा नियम. मी दादांना फोन केला तर म्हणाले, “कशाला येता मॅडम, वास आहे, आवाज आहे.” दुसऱ्यांदा केला तर म्हणाले, शिफ्ट बदलली. तिसऱ्यांदा मी त्यांना विचारलंच नाही. त्यांच्या ओपीडीच्या कार्डावर सुपरवायझरचा नंबर होता, त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, या की.

शिफ्टच्या लोकांबरोबर शेअर रिक्षात बसून मी गेले. मनात लाडू फुटत होते. माझा पेशंट, माझी केस, प्रेसवर परत उभा! सुपरवायझर बाहेर आला, हसून म्हणाला, “ओहो, पट्टीवाल्या मॅडम!” मला वाटलं, हाताला बांधायच्या पट्टीबद्दल बोलतोय. मी पण हसले.

आत गेले. एका ओळीत प्रेस, प्रत्येकीपुढे एक माणूस. दादा दुसऱ्या मशीनवर, पाठमोरे. मी बाजूला जाऊन उभी राहिले आणि पाहिलं.

उजव्या बटणावर गुलाबी पट्टी बसली होती. बटण आत दबलेलं. दादा उजव्या हाताने पत्रा साच्याखाली ठेवत होते, डाव्या अंगठ्याने डावं बटण दाबत होते, प्रेस धाडकन खाली येत होती, वर जाते न जाते तोच उजवा हात पुन्हा आत. आत, बाहेर, धाड. आत, बाहेर, धाड. अंगठा अगदी मी शिकवला तसा सरळ ठेवलेला. पुढच्या मशीनवरही गुलाबी पट्टी. त्याच्या पुढच्याही. कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

पंप नव्हताच. औषध मारतच नव्हते ते लोक. बाई तोंडावर सांगून गेली होती.

या माणसाचा एक धड हात उरला होता, उजवा. तो एकच हात सतत प्रेसखाली जात होता, आणि तो आत जायला मोकळा मी केला होता. पट्टी माझी, अंगठाही मीच तयार केलेला. मग एकदाची वाचा फुटली आणि मी किंचाळले, “बंद करा! बंद करा सगळ्या मशीन!”

बंद झाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा वळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दादा, हे काय आहे?”

सुपरवायझरच म्हणाला, “मॅडम, घाबरू नका. आधी लाकडाची पाचर मारायचे सगळे. ती सटकायची. तुमची कशी, एकदम फिट बसते. शेठला पण दाखवली मी.”

“आधी पाचर होती?” मी दादांकडे वळले. “म्हणजे डावा हात पाचरीने गेला? मशीन डबल झाली म्हणालात ना मला?”

“डबल नाय झाली,” दादा खाली बघत म्हणाले. “उजव्याने बटण दाबायचो, डाव्याने माल लावायचो. हात काढायला उशीर झाला.”

“आणि आता उजवा घालताय आत? शुद्धीवर आहात का तुम्ही? हा पण गेला तर जेवण कोण भरवणार?”

तेव्हा दादा चिडले. एवढ्या महिन्यांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. “मग काय करू, मॅडम? डाव्याला बारका माल धरवत नाय, तुम्हालाच माहितीये. लावायचा उजव्याने, काढायचा उजव्याने, वर बटणही उजव्यानेच दाबायचं? किती हात आहेत मला? या पोरांच्या निम्मा माल निघतो माझा. शेठ चार दिवस बघेल, पाचव्या दिवशी झाडू देईल हातात.”

मी जे सुचलं ते केलं. त्यांच्या बटणावरची पट्टी ओरबाडून काढली. पुढच्या मशीनवरची काढली. त्याच्या पुढची. एकाने “ओ मॅडम, काय करताय!” म्हटलं, त्याच्यावर खेकसले. सगळ्या पट्ट्या पर्समध्ये कोंबल्या. सुपरवायझरला वाट्टेल ते बोलले. तक्रार करीन, वरपर्यंत जाईन, बटणं बदला, डाव्या हाताला पत्रा सरकवायला घसरगुंडीसारखी घसरण करून द्या, मी डिझाइन देते. तो हात बांधून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “शेठशी बोलतो. तुम्ही बसा, चहा सांगू?”

चहा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, नको तुमचा चहा, आधी यांना माझ्यासमोर काम करू दे.

दादांनी मशीन सुरू केली. पत्रा ठेवला, उजवा हात बाहेर आणला, दोन्ही बटणं दाबली. धाड. हात पुन्हा आत नेऊन तुकडा काढला, दुसरा ठेवला, हात बाहेर, दोन्ही बटणं. धाड. आता दोन आवाजांमध्ये पुष्कळ वेळ जात होता. बाकीच्यांनीही तसंच सुरू केलं, माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मग दादांना म्हटलं, “असंच करायचं. शपथ घ्या माझी.” ते “बरं” म्हणाले. मी निघाले.

बाहेर आल्यावर एक समाधान होतं. गाईडला काय सांगायचं, शेठला कसं गाठायचं, घसरण पत्र्याची करायची का प्लायवूडची, सगळं डोक्यात चालू होतं. फाटकाशी पोचले, रिक्षाला हात केला. आणि मागून आवाज कानावर आला. धाडधाडधाडधाड. मघाचाच वेग. एकही मशीन हळू चालत नव्हती.

रिक्षावाला म्हणाला, “चलना है क्या?” मी उलटी फिरले आणि जवळजवळ पळतच आत गेले. दादांच्या मशीनच्या उजव्या बटणावर चिंधीचा बोळा कोंबलेला होता, वरून सुतळी आवळलेली. सुतळीची गाठ एका हाताने बसत नाही, म्हणजे कुणीतरी बांधून दिली असणार. त्यांचा उजवा हात आत जात होता, बाहेर येत होता.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दादांनी मला पाहिलं. मशीन थांबवली नाही, मान वर केली नाही. शांतपणे विचारलं, “मॅडम, रोज येणार काय तुम्ही?”