त्या बाईंचं काम

मुलाखतीत निवड समितीतल्या सर्वांत वयस्कर सरांनी कौतुक सुरू केलं. कौतुक माझ्याच शोधनिबंधाचं होतं, पण त्यांच्या मते तो दुसऱ्याच कुणा बाईंनी लिहिला होता.

"जोडताऱ्यांवरचं हे काम फार मोलाचं आहे," ते म्हणाले. "बाहेरचे लोक अजून याचा आधार घेतात. तुम्ही मात्र इतकी वर्षं या बाईंच्याच मागून चालला आहात. तुमचं स्वतःचं काय?"

त्यांच्यापुढे दोन याद्या होत्या. कुणाच्या निबंधाचा उल्लेख जगात कुणी कुणी केला, हे छापणारे जाडजूड खंड ग्रंथालयात यायचे, त्यांतून कारकुनाने उतरवलेल्या. माझ्या नावाची यादी पानाच्या वरच्या बाजूलाच आटोपली होती. त्या बाईंची पान उलटून पुढे गेली होती.

"सर, त्या बाई म्हणजे मीच," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. लग्नात माझं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, मधलं बाबांचं जाऊन त्याचं आलं, आणि आडनाव तर जाणारच होतं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्यांचंच बदलतं म्हणून मीही हसत उखाणा घेतला, आणि पुढचे सगळे निबंध नव्या नावाने छापले. त्यांत जुन्या निबंधाचा हवाला द्यायचा, तर परक्या बाईचा द्यावा तसा दिला होता. आम्हा संशोधकांत लिहायची रीतच तशी.

"पुरावा आणा," दुसरे एक सदस्य म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत. मग निवड कळवायची आहे."

माझी जागा हंगामी होती आणि ती संपत आली होती. पुढल्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. हे हुकलं की संशोधन संपलं, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

पण मला आणखी एक गोष्ट कुरतडत होती. तो निबंध छापला तेव्हा मी ठाण्याला, कोपरीत माहेरी होते आणि खाली घरचाच पत्ता दिला होता. निबंधाची प्रत मागणारी कार्डं परदेशातून यायची. पहिल्याच कार्डावर माझ्या नावाआधी डॉक्टर होतं. मी तेव्हा नुसती एम.एस्सी.; बाबा कितीतरी दिवस मला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवत होते. खरी डॉक्टरेट मिळाली ती लग्नानंतर, नव्या नावाने. लग्न झालं, बाबा कोकणात राहायला गेले आणि मी पोस्टात अर्ज देऊन टपाल डोंबिवलीला सासरी वळवलं. एकही कार्ड आलं नाही. आपलं काम कुणी वाचत नाही, असं मी धरून चालले होते. मग ही लांबलचक यादी कुठून आली?

संध्याकाळी घरी कपाट उपसलं. एम.एस्सी.च्या पदवीवर जुनं नाव, रेशनकार्डावर नवं. दोघी एकच, असं सांगणारा कागद नव्हता. लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. नवरा कंपनीच्या कामाने बाहेरगावी. शपथेवर सांगायला उरल्या सासूबाई. त्या मटकी निवडत बसल्या होत्या.

"आई, माझ्या जुन्या नावाने कधी टपाल यायचं का?"

"परदेशी तिकिटांची कार्डं यायची खरी," त्या म्हणाल्या. "नाव ओळखीचं वाटेना. पोस्टमनला म्हटलं, इथे असं कुणी राहत नाही."

"ती माझी होती."

"लग्नात एकदा ऐकलेलं नाव कुठे लक्षात राहतं गं?"

मला संताप आला. पण सकाळी गरज त्यांचीच होती, म्हणून गिळला. शिवाय त्यांचं म्हणणं मला खरंच वाटलं. मी त्यांना जुनं नाव सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं. दोन्ही वेळा त्या अडखळल्या, आणि मला रात्रभर त्याचाच घोर लागला.

ती जागा मला मिळाली, हे इथेच सांगून टाकते. कागद दुपारच्या आत पोचला. पण माझ्या मनातून गेलं नाही ते कल्याणच्या कोर्टाबाहेरचं, नोटरीच्या टेबलापाशी घडलेलं.

"मावशी, सुनेचं आधीचं नाव काय ते बोला. मागे लाइन लागलीय," नोटरी म्हणाला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुकल्या असत्या तर त्याने सही केली नसती.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि एका दमात सांगितलं. आधी डॉक्टर, मग माझं जुनं नाव, मग बाबांच्या नावाचं इंग्रजी अक्षर, मग आडनाव. कार्डावर असायचं तसं, त्याच क्रमाने.

"लग्नाआधीच डॉक्टर होत्या?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या नावाआधी डॉक्टर जगात फक्त त्या कार्डांवरच होतं. नोटरीने तेवढा शब्द खोडला आणि शिक्का मारला.